सीडी१९-विरोधी प्रतिपिंड

सीडी१९-विरोधी प्रतिपिंड हे मानवी बी-लसीकापेशींच्या पृष्ठभागावरील सीडी१९ या पटल-प्रथिनाला नेमकेपणाने चिकटणारे प्रतिपिंड होय. हे एकाच प्रतिपिंडाचे नाव नसून एकाच लक्ष्यावर बसणाऱ्या अनेक प्रतिपिंडांच्या गटाचे नाव आहे. गटातील प्रत्येक प्रतिपिंड वेगळ्या पेशीकुळापासून मिळालेले असते आणि ते त्या कुळाच्या, म्हणजे क्लोनच्या, नावाने ओळखले जाते. बी४, एचडी३७, ४जी७, एसजे२५सी१, एचआयबी१९ आणि एफएमसी६३ हे त्यांतील प्रसिद्ध क्लोन होत. बी-पेशींपासून उद्भवणाऱ्या ल्युकेमियाचे निदान, उपचारानंतर उरलेल्या रोगपेशींचा शोध, प्रयोगशाळेत बी-पेशी वेगळ्या काढणे आणि प्रत्यक्ष उपचार या सर्व ठिकाणी ही प्रतिपिंडे वापरली जातात.

ज्या प्रतिपिंडाने रोगपेशी ओळखायची त्याच प्रतिपिंडाच्या तुकड्याने ती मारायची, ही वाटचाल गेल्या चार दशकांत पूर्ण झाली. तिचा भारतातील महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खारघर येथे घडला. मात्र या यशातून निदानाची एक नवी अडचणही उभी राहिली. तिचे विवेचन पुढे केले आहे.

सीडी१९ प्रथिन

सीडी१९ हे ५५६ अमिनो आम्लांचे, सुमारे ९५ किलोडाल्टन रेणुभाराचे शर्करायुक्त प्रथिन आहे. त्याचे जनुक १६ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. प्रथिनाचा एक भाग पेशीबाहेर असतो, एक लहान भाग पेशीपटलातून आरपार जातो आणि उरलेली लांब शेपटी पेशीच्या आत असते. बाहेरचा भाग इम्युनोग्लोब्युलिन कुळातील प्रथिनांशी नाते सांगतो आणि प्रतिपिंडे सहसा याच भागाला चिकटतात. आतल्या शेपटीवर टायरोसिन या अमिनो आम्लाचे ९ अवशेष आहेत. पेशीला संदेश मिळाला की त्यांना फॉस्फेट गट जोडले जातात आणि पुढची संदेशसाखळी सुरू होते.

पेशीपटलावर सीडी१९ एकटे नसते. सीडी२१, सीडी८१ आणि सीडी२२५ यांच्यासह त्याचा एक संकुल तयार होतो. बी-पेशीच्या मुख्य ग्राहकाला प्रतिजन सापडला असता हा संकुल त्याला साथ देतो आणि त्यामुळे थोड्याशा प्रतिजनानेही पेशी जागी होते. सीडी८१ नसेल तर सीडी१९ पेशीच्या पृष्ठभागावर नीट पोहोचत नाही. सीडी१९ च्या जनुकात जन्मजात दोष असलेल्या व्यक्तींत बी-पेशी तयार होतात, पण पुरेशी प्रतिपिंडे बनत नाहीत आणि वारंवार संसर्ग होतात. असे रुग्ण २००६ मध्ये प्रथम वर्णिले गेले.

अस्थिमज्जेत बी-पेशीची वाट धरलेल्या अगदी कोवळ्या पेशीपासून रक्तातील प्रौढ बी-पेशीपर्यंत हे प्रथिन टिकून राहते. रक्ताच्या मूळपेशींवर ते नसते आणि टी-पेशींवरही नसते. बी-पेशीचे रूपांतर होऊन बनणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर ते कमी होत जाते. बी-पेशीच्या जीवनात इतका दीर्घकाळ टिकणारी पृष्ठभागावरील खूण विरळाच. रोगनिदान करणाऱ्यांना सीडी१९ प्रिय झाले ते या सातत्यामुळे.

बी-पेशी वंशाचा तीव्र लसीकापेशी ल्युकेमिया (मुलांमधील सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगाचा प्रमुख प्रकार), दीर्घकालीन लसीकापेशी ल्युकेमिया आणि बहुतेक बी-पेशी लिम्फोमा या आजारांच्या पेशींवर सीडी१९ आढळते. असे असले तरी ते कर्करोगाचे लक्षण नव्हे. निरोगी माणसाच्या रक्तातील प्रत्येक बी-पेशीवर ते असते. सीडी१९ पेशीचा वंश सांगते, तिची नियत सांगत नाही.

नामकरण व इतिहास

सेझार मिलस्टाइन आणि जॉर्ज कोहलर यांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे एककृंतकी, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या कामासाठी त्यांना नील्स जेर्न यांच्यासह १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पद्धत हाती येताच जगभरच्या प्रयोगशाळांनी मानवी श्वेतपेशी उंदरांना टोचून शेकडो प्रतिपिंडे तयार केली आणि प्रत्येकाने आपापल्या प्रतिपिंडाला आपले नाव दिले. एकाच प्रथिनाला पाच ठिकाणी पाच नावे पडू लागली. हा गोंधळ निस्तरण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिस येथे पहिली आंतरराष्ट्रीय कार्यशाळा भरली आणि पुढेही अशा कार्यशाळा भरत राहिल्या. एकाच प्रकारच्या पेशींवर एकसारखी बसणारी प्रतिपिंडे एका गटात टाकून त्या गटाला क्रमांक द्यायचा, अशी रीत तेथे ठरली. सीडी ही अक्षरे ‘विभेदन गट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आहेत. मुळात हा क्रमांक प्रतिपिंडांच्या गटाचा होता. ज्या प्रथिनावर ती बसत त्याला तेच नाव पुढे चिकटले.

बॉस्टनमधील ली नॅडलर व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये बी४ या प्रतिपिंडाचे वर्णन केले. सामान्य, उद्दीपित आणि कर्करोगग्रस्त अशा तिन्ही अवस्थांतील बी-पेशींवर ते बसत होते. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे एचडी३७ आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे ४जी७ हे क्लोन त्याच दशकात तयार झाले. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटर येथे हेडी झोला यांच्या गटाने एफएमसी६३ तयार केले. नावातील पहिली तीन अक्षरे त्या संस्थेचीच आहेत. सीडी१९ चे जनुक १९८८-८९ च्या सुमारास वेगळे करण्यात आले. म्हणजे प्रतिपिंड आधी आले आणि ते नेमके कशावर बसते याचा पूर्ण उलगडा काही वर्षांनी झाला.

निर्मिती

पारंपरिक पद्धतीत मानवी बी-पेशी किंवा ल्युकेमियाच्या पेशी उंदराला टोचतात. उंदराची रोगप्रतिकार यंत्रणा त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. काही आठवड्यांनी उंदराची प्लीहा काढून तिच्यातील प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींचा अमर्याद वाढणाऱ्या मायलोमा पेशींशी संयोग घडवतात. तयार झालेल्या संकरित पेशीला हायब्रिडोमा म्हणतात. विशिष्ट पोषणद्रवात फक्त संकरित पेशीच तग धरतात. त्यानंतर एकेक पेशी वेगळी वाढवून तिचे प्रतिपिंड कोणत्या पेशींवर बसते आणि कोणत्या पेशींवर बसत नाही हे तपासतात. बी-पेशींवर बसणारे, पण टी-पेशी, लाल पेशी आणि अस्थिमज्जेतील इतर पेशींवर न बसणारे प्रतिपिंड निवडले जाते. खरे कष्ट या चाळणीतच आहेत.

मानवी सीडी१९ विरुद्धचे प्रतिपिंड उंदराच्या सीडी१९ वर सहसा चालत नाही. उंदरांवरील प्रयोगांसाठी घुशीच्या जवळच्या कुळातील प्रयोगशाळेतील रॅट या प्राण्यापासून बनवलेला १डी३ हा क्लोन वापरतात. नवशिक्या संशोधकांची येथे हमखास चूक होते, म्हणून प्रतिपिंड मागवताना क्लोनचे नाव आणि लक्ष्य प्राणी हे दोन्ही पाहावे लागतात.

प्रयोगशाळेतील वापर

सर्वाधिक वापर फ्लो सायटोमेट्री या तंत्रात होतो. रक्ताचा किंवा अस्थिमज्जेचा नमुना ईडीटीए असलेल्या नळीत घेतात. प्रतिदीप्त रंजक जोडलेली प्रतिपिंडे त्यात मिसळून अंधारात ठेवतात, लाल पेशी विरघळवून टाकतात आणि उरलेल्या पेशी एकेक करून लेसर किरणांपुढून जाऊ देतात. ज्या पेशीवर प्रतिपिंड बसले असेल ती ठरावीक रंगाचा प्रकाश देते. यंत्र एका मिनिटात हजारो पेशी मोजते. एकाच नळीत आठ-दहा किंवा त्याहून अधिक रंग वापरून एकाच पेशीवरील अनेक प्रथिने एकदम पाहता येतात.

रंजकाची निवड ही किरकोळ बाब नाही. ल्युकेमियाच्या पेशींवर सीडी१९ कधी कधी नेहमीपेक्षा कमी असते. अशा वेळी मंद रंजक जोडलेले प्रतिपिंड वापरले तर कमी सीडी१९ असलेली पेशी आणि सीडी१९ नसलेली पेशी यांतला फरक पुसला जातो. म्हणून अनेक प्रयोगशाळा सीडी१९ साठी फायकोएरिथ्रिन-सायनिन ७ सारखा तेजस्वी जोडरंजक राखून ठेवतात. जोडरंजकाचा दोष असा की प्रकाशात किंवा जुना झाल्यावर तो तुटतो आणि त्याचा उजेड भलत्याच रंगाच्या खात्यात जमा होतो. प्रतिपिंडाची कुपी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात आणि अंधारात ठेवावी लागते. रंजक जोडलेली कुपी गोठवली की सहसा वाया जाते. पावसाळ्यात वीज वारंवार जाणाऱ्या कोकणपट्टीत शीतकपाटाला पर्यायी वीजपुरवठा असणे ही चैन नव्हे.

प्रतिपिंडाची मात्राही ठरवावी लागते. कमी पडले तर सर्व पेशी रंगत नाहीत आणि जास्त झाले तर नको त्या पेशींनाही चिकटते. म्हणून प्रत्येक नव्या खेपेची मात्रा उतरत्या प्रमाणांत तपासून घेतात. नमुन्यातील टी-पेशी हे घरचेच नियंत्रण असते. त्यांच्यावर सीडी१९ नसल्याने त्या काळोख्या दिसायला हव्यात. त्या उजळल्या तर चूक प्रतिपिंडाच्या मात्रेत, धुण्यात किंवा रंगांच्या भरपाईत आहे असे समजावे.

ल्युकेमियाचे निदान सीडी१९ एकट्याच्या बळावर होत नाही. अपरिपक्वतेच्या खुणा असलेल्या सीडी३४ व टीडीटी, बी-वंशाच्या सीडी२२, सीडी७९ए व सीडी१०, टी-वंशाची सीडी३ आणि मायलॉइड वंशाच्या खुणा हे सर्व एकत्र वाचावे लागते. तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या एका प्रकारात, ज्यात ८ व्या आणि २१ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात, मायलॉइड पेशींवरही सीडी१९ दिसते. दीर्घकालीन लसीकापेशी ल्युकेमियात सीडी१९ असलेल्या पेशींवर मुळात टी-पेशींची खूण असलेले सीडी५ सापडणे निर्णायक ठरते. मल्टिपल मायलोमात याउलट घडते. तेथे प्लाझ्मा पेशींवर सीडी१९ नसणे संशयास्पद असते.

उपचार सुरू झाल्यानंतर अस्थिमज्जेत दर १०,००० पेशींमागे एखादी रोगपेशी उरली आहे काय, हे शोधण्याला अत्यल्प अवशिष्ट रोगाची तपासणी म्हणतात. पुढचे उपचार किती कडक ठेवायचे हे बऱ्याच अंशी या आकड्यावर ठरते. या तपासणीत सीडी१९ प्रतिपिंडाचे काम पहारेकऱ्याचे आहे. लाखो पेशींतून आधी सीडी१९ असलेल्या पेशी बाजूला काढायच्या आणि मग त्यांतल्या निरोगी कोणत्या व रोगट कोणत्या हे इतर खुणांवरून ठरवायचे. केमोथेरपीनंतर अस्थिमज्जा पुन्हा भरू लागते तेव्हा कोवळ्या निरोगी बी-पेशी मोठ्या संख्येने दिसतात आणि त्या ल्युकेमियाच्या पेशींसारख्याच भासतात. त्यांना वेगळे काढण्यासाठी सीडी१९ च्या जोडीला कोणत्या खुणा उपयोगी पडतात, यावर खारघरच्या प्रयोगशाळेने काम केले आहे. प्रशांत टेंभरे व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या खुणांपैकी सीडी७३ आणि सीडी८६ या सर्वाधिक उपयुक्त ठरल्या.

याशिवाय सूक्ष्म चुंबकीय कणांना सीडी१९ प्रतिपिंड जोडून रक्तातून शुद्ध बी-पेशी वेगळ्या काढता येतात. मेणात बसवलेल्या ऊतीच्या कापांवर मात्र फ्लो सायटोमेट्रीचे नेहमीचे क्लोन बहुधा चालत नाहीत, कारण फॉर्मालिनमुळे प्रथिनाच्या बाहेरच्या भागाचा आकार बदलतो. तेथे प्रथिनाच्या आतल्या शेपटीविरुद्ध बनवलेली वेगळी प्रतिपिंडे लागतात.

तपासणीतून उपचाराकडे

प्रयोगशाळेसाठी बनलेल्या क्लोनांपैकी काहींचे पुढे औषध झाले. एचडी३७ च्या बंधक भागापासून ब्लिनाट्युमोमॅब तयार झाले. त्याचे एक टोक सीडी१९ ला आणि दुसरे टी-पेशीवरील सीडी३ ला धरते, आणि टी-पेशी ल्युकेमियाच्या पेशीला खेटून तिला मारते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ४जी७ चे मानवीकरण करून टाफासिटामॅब बनले. बी४ च्या वंशातील प्रतिपिंडाला विष जोडून लॉन्कास्टक्सिमॅब टेसिरिन बनले. एफएमसी६३ मात्र या सर्वांहून दूर गेले.

प्रतिपिंडाचा रेणू इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा असतो आणि त्याच्या दोन फांद्यांची टोके प्रतिजनाला धरतात. एका टोकातील जड व हलक्या साखळीचे बदलते भाग एका लवचीक दुव्याने जोडले की एकसाखळी खंड मिळतो. आकाराने तो पूर्ण प्रतिपिंडाच्या सुमारे एक पंचमांश असला तरी त्याची पकड कायम असते. असा खंड टी-पेशीच्या पृष्ठभागावर बसवून तिला हव्या त्या लक्ष्याकडे वळवता येईल, ही कल्पना इस्राएलचे झेलिग एशहार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्यक्षात आणून दाखवली. अशा कृत्रिम ग्राहकाला कायमेरिक प्रतिजन ग्राहक म्हणतात आणि तो धारण करणाऱ्या पेशींना कार टी-पेशी. एफएमसी६३ चा एकसाखळी खंड १९९७ मध्ये वर्णिला गेला. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या टिसाजेनलेकल्यूसेल या पहिल्या कार टी-पेशी उपचारात हाच खंड आहे.

या उपचारात सीडी१९ असलेल्या निरोगी बी-पेशीही मारल्या जातात. माणूस बी-पेशींशिवाय काही काळ जगू शकतो आणि प्रतिपिंडांची उणीव बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देऊन भरून काढता येते, म्हणून हा व्यवहार परवडतो. हेच प्रथिन मूळपेशींवर असते तर हा मार्ग बंदच झाला असता.

खारघर येथील कार्य

टाटा स्मारक केंद्राची कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण प्रगत केंद्र ही संस्था ॲक्ट्रेक या आद्याक्षरी नावाने परिचित आहे. ती खारघर येथे, पनवेल तालुक्यात आहे. नवी मुंबईचा भाग म्हणून ओळखले जाणारे खारघर प्रशासकीयदृष्ट्या रायगड जिल्ह्यात येते. जिल्ह्याचे मुख्यालय अलिबाग आहे. संस्थेचे मूळ १९५२ मध्ये परळला स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर हे त्याचे पहिले संचालक होते. ही संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला हलली.

भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील राहुल पुरवार यांच्या गटाने सीडी१९ विरोधी नवा ग्राहक विकसित केला. त्यात उंदराच्या प्रतिपिंड-खंडाऐवजी मानवीकरण केलेला खंड आहे. उंदराचे प्रथिन मानवी शरीराला परके वाटते आणि शरीर त्याच्याविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडे बनवू शकते. मग कार टी-पेशी फार काळ टिकत नाहीत. मानवीकरणात लक्ष्याला धरणारी वळणे उंदराचीच ठेवून भोवतीची चौकट मानवी प्रतिपिंडासारखी करतात. या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नव्या ग्राहकाच्या पेशींनी रोगपेशी प्रभावीपणे मारल्या आणि दाहकारक सायटोकाइन तुलनेने कमी सोडले. कार टी-पेशी उपचाराचा सर्वांत धोकादायक दुष्परिणाम सायटोकाइनच्या पुरातूनच उद्भवतो. त्यामुळे या गुणाला महत्त्व आहे.

या उपचारपद्धतीचा भारतातील पहिला वापर ४ जून २०२१ रोजी ॲक्ट्रेकच्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात झाला. टाटा स्मारक केंद्राच्या बाजूने हसमुख जैन आणि गौरव नरुला यांनी चिकित्सालयीन चाचण्यांचे नेतृत्व केले. आयआयटी मुंबईतून उभ्या राहिलेल्या इम्युनोॲक्ट या कंपनीने हे उत्पादन नेक्सकार१९ या नावाने पुढे नेले. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने त्याला मान्यता दिली. आजार उलटलेल्या किंवा आधीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या बी-पेशी ल्युकेमिया व लिम्फोमाच्या रुग्णांसाठी ही मान्यता आहे. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण केले.

चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ६४ रुग्णांचा समावेश असलेल्या या अभ्यासात परिणाम मोजता आलेल्या ५१ रुग्णांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. उपचाराची किंमत अमेरिकेतील तशाच उपचाराच्या सुमारे एक दशांश आहे असे सांगितले जाते. तरीही ती काही लाखांच्या घरात जाते आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येत नाही. ‘स्वस्त’ हा शब्द येथे केवळ तुलनेपुरता खरा आहे.

उपचारानंतर उद्भवणारी अडचण

ज्या रुग्णाला सीडी१९ वर नेम धरणारा उपचार मिळाला आहे, त्याच्या अस्थिमज्जेत उरलेली रोगपेशी शोधताना सीडी१९ प्रतिपिंडाचा पहारा भरवशाचा राहत नाही. पहारेकरी सीडी१९ असलेल्या पेशीच आत सोडतो. उपचारातून वाचलेल्या पेशींनी हीच ओळख टाकलेली असू शकते. मग अहवालात रोगपेशी शून्य दिसतात आणि प्रत्यक्षात आजार तसाच असतो.

ही ओळख पुसली जाण्याचे मार्ग अनेक आहेत. काही पेशींत सीडी१९ च्या जनुकात उत्परिवर्तन होऊन प्रथिन बनतच नाही. काहींत जनुकाचा संदेश जोडताना दुसरा एक्झॉन गाळला जातो. अपुरे प्रथिन बनते खरे, पण एफएमसी६३ ला हवी असलेली जागा त्यात नसते. हा प्रकार २०१५ मध्ये वर्णिला गेला. काही रोगपेशी तर वंशच बदलतात आणि बी-पेशींऐवजी मायलॉइड पेशींसारख्या दिसू लागतात. केएमटी२ए जनुकाची पुनर्रचना असलेल्या ल्युकेमियात हे विशेषेकरून आढळते.

चौथा प्रकार दुर्मीळ आहे, पण प्रतिपिंडाचे स्वरूप समजण्यासाठी तो सर्वांत बोलका आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नोंदवलेल्या एका रुग्णात कार टी-पेशी तयार करताना चुकून ल्युकेमियाच्या एकाच पेशीत ग्राहकाचे जनुक शिरले. त्या पेशीवर सीडी१९ होते आणि त्याला धरणारा ग्राहकही तिच्याच अंगावर होता. ग्राहकाने स्वतःच्याच पेशीवरचे सीडी१९ झाकून टाकले. ती कार टी-पेशींना दिसली नाही, आणि सीडी१९ तपासणाऱ्या प्रतिपिंडालाही दिसली नाही. या एका पेशीपासून आजार उलटला. प्रथिन जागेवर असूनही प्रतिपिंडाचा निकाल नकारार्थी येऊ शकतो, तो असा. तपासणीचा क्लोन आणि उपचाराचा खंड प्रथिनाच्या एकाच किंवा शेजारच्या जागेवर बसत असतील तर हा धोका नेहमीच असतो. सीडी१९ चे बहुतेक प्रचलित क्लोन एकमेकांशी जागेसाठी स्पर्धा करतात.

म्हणून सीडी१९ वरील उपचारानंतरच्या तपासणीत पहिला पहारा इतर खुणांवर ठेवतात. पेशीच्या आतील सीडी७९ए आणि पृष्ठभागावरील सीडी२२ व सीडी२४ या त्यांतील प्रमुख खुणा होत. जोडीला सीडी१० आणि सीडी३४ पाहतात. यांतील कोणतीही खूण सीडी१९ इतकी सोयीची नाही. सीडी२४ न्यूट्रोफिल पेशींवरही असते, म्हणून त्या वेगळ्या काढाव्या लागतात. सीडी२२ बेसोफिल पेशींवरही असते, शिवाय सीडी२२ विरुद्धचे औषध दिले असेल तर तीही खूण डळमळीत होते.

सीडी१९ प्रतिपिंडाला या काळात दुसरे काम मिळते. कार टी-पेशी शरीरात जिवंत व कार्यरत असतील तर रक्तात निरोगी बी-पेशीही दिसत नाहीत. त्यामुळे सीडी१९ असलेल्या पेशी पुन्हा दिसू लागल्या की उपचाराचा पहारा ढिला पडला असे समजतात. स्वतः कार टी-पेशी मोजण्यासाठी उलटी युक्ती वापरतात: प्रयोगशाळेत बनवलेले सीडी१९ प्रथिनच रंगवून आमिष म्हणून टाकतात आणि ग्राहक असलेल्या पेशी त्याला धरतात. येथे प्रथिन आणि प्रतिपिंड यांनी जागा बदललेल्या असतात.

नमुन्याचा प्रवास

तालुक्याच्या गावी तपासणीची पहिली पायरी सहसा रक्तगणना आणि काचपट्टीवरील रक्तलेप हीच असते. लेपात अपरिपक्व पेशी दिसल्या की पुढची तपासणी फ्लो सायटोमेट्रीची सोय असलेल्या प्रयोगशाळेत होते. अलिबागहून खारघरचा रस्ता वडखळ, पेण आणि पनवेल असा जातो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे मांडवा बंदरातून जलमार्गाने जाता येते, मात्र गेटवे ते मांडवा ही प्रवासी लाँच सेवा पावसाळ्यात बंद असते. नमुना शक्यतो २४ ते ४८ तासांत तपासला जावा, तो गोठू नये आणि उन्हात तापू नये. मृत पेशी कोणत्याही प्रतिपिंडाला चिकटतात, त्यामुळे उशिरा पोहोचलेल्या नमुन्यात सीडी१९ चा निकाल खोटा होकारार्थी येण्याचा धोका असतो.

कार टी-पेशी उपचार मोठ्या केंद्रात आणि नंतरची देखरेख गावाजवळ, अशी विभागणी आता वाढत आहे. अशा वेळी तपासणीच्या मागणीपत्रावर रुग्णाने पूर्वी सीडी१९ किंवा सीडी२२ विरोधी कोणता उपचार घेतला आणि कधी घेतला, याची नोंद असणे आवश्यक ठरते. ती नसेल तर प्रयोगशाळा नेहमीच्या पद्धतीने सीडी१९ वरच पहारा ठेवते.